आधी त्याला वाढा

मला कुणी विचारलं की बाई, आयुष्यात सगळ्यात अवघड काम कोणतं केलंत, तर मी बाळंतपण म्हणणार नाही. बाळंतपणाला सुईण असते, शेजारणी असतात, आणि काही झालं तरी ते एकदाचं उरकतं. खांडबाऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या एका पाड्यावर, नव्यानं ख्रिस्ती होऊ घातलेल्या माणसांना "ही दिसायला भाकर, पण मिस्सेत, म्हणजे फादरच्या वेदीवरच्या उपासनेत, ती ख्रिस्ताचं शरीर होते" हे समजावून सांगायचं काम उरकता उरकत नाही. मी ते वर्षभर केलं. मदतीला होते फक्त आमचे हे.

ह्यांना मिशननं तिथं धर्मशिक्षक म्हणून पाठवलं होतं. स्वातंत्र्याच्या आठ-दहा वर्षं आधीची गोष्ट. आम्ही दोघं नगरकडचे. हे सकाळी मुलांना शाळा शिकवायचे, संध्याकाळी मोठ्यांना धर्म, आणि मधल्या वेळात पेटी वाजवायचे. पेटीचे काही सूर कायमचे बसले होते, त्यामुळे आमची सगळी गीतं मध्येच दम लागल्यासारखी थांबायची. स्वभावानं हे इतके शांत, की घराला आग लागली तर आधी चष्मा शोधतील, मग तो पुसतील, मग म्हणतील, "अगं, धूर येतोय वाटतं." मी त्यांच्या अगदी उलट. माझ्या नाकावर राग बसलेलाच असायचा, त्याला नुसतं उठायचं काम. बायकांना शिकवायचं माझ्याकडे आलं ते मी हुशार म्हणून नव्हे. ह्यांच्यापुढे बायका लाजायच्या आणि बायकांपुढे हे.

भाषेचा तर आनंदच होता. पाड्यावर घरात त्यांची मावची बोली, बाजारात गेलं की अहिराणी, आमची नगरी, आणि दोन-दोन महिन्यांनी आगगाडीनं खांडबाऱ्याला उतरून बैलगाडीनं येणारे आमचे परदेशी फादर, त्यांची मराठी पुस्तकातली. ते मला म्हणायचे, "भगिनी, आपल्या गृही लवण आहे काय?" आता मीठ मागायची ही काय रीत झाली? एकदा ते गाडीवानाला म्हणाले, "मित्रा, वृषभांना विश्रांती दे." गाडीवान बाजारगावचा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हाऊ बाबा काय सांगी ऱ्हायना?" मी म्हटलं, "बैल सोड म्हणतात." इथून पुढे फादर सोडून मी सगळ्यांचं बोलणं माझ्याच मराठीत सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही.

तर शिकवणं. पहिल्याच दिवशी भांडण निघालं ते गव्हावरून. मी सांगत होते, की मिस्सेची भाकर गव्हाची असते, गोल, पांढरी, पापडाहून पातळ. पाड्याचा कारभारी म्हणून एक मिशाळ म्हातारा होता, तो लगेच उठून उभा राहिला. "गहू कशाला? गहू तर तापीकाठचे पाटील खातात. आमची नागली काय वाईट आहे? देव नागलीत येत नाही?" नाचणीला तिकडे नागली म्हणतात.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "असा नियम आहे."

"कुणाचा?"

"रोमचा."

"तिथं नागली पिकते?"

"नाही."

"हात्तिच्या," कारभारी खाली बसत म्हणाला, "मग त्या बिचाऱ्यांना तिची चव कुठून कळणार?" आणि त्यानं रोमला माफ करून टाकलं.

मग एक बाई म्हणाली, एवढी माणसं इतकी वर्षं खातायत, तर तो ख्रिस्त आता उरला किती? मला वाटलं, सोपं आहे. मी म्हटलं, "एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिला कमी होतो का?" ती म्हणाली, "नाही होत, पण दुसऱ्यात तेल दुसरंच घालावं लागतं ना?" आता काय बोलणार, कपाळ! मी म्हटलं, "तू जास्त शहाणी आहेस, गप्प बस." हे मला बाजूला घेऊन म्हणाले, की धर्माच्या प्रश्नोत्तरीच्या पुस्तकात ह्या प्रश्नाला 'गप्प बस' असं उत्तर दिलेलं नाही.

सगळ्यात मोठी अडचण होती शरीराची. "माणसाचं मांस आम्ही नाही बाई खाणार," म्हणून सगळ्या जणी पदर तोंडाला लावून बसल्या. मी पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी एकीच्या मांडीवर तान्हं पोर चुरूचुरू पीत होतं, त्याच्याकडे बोट दाखवून मी ओरडले, "हे काय खातंय? आईचं अंगच खातंय ना? तिच्या अंगातलंच तिनं दिलं ना काढून? मग त्याला कुणी राक्षस म्हणतं का?" हे मात्र पटलं. बायकांनी माना हलवल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात त्यातली एक तरणी पोरगी म्हणाली, "म्हणजे भाकर देणारा फादर आपली आई?" झालं. फादरची दाढी छातीपर्यंत. अर्धा तास कुणाचं हसू थांबेना. पुढच्या खेपेला फादर गाडीतून उतरले, तर बायका दाढीकडे बघून एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. फादर मला हळूच म्हणाले, "भगिनी, माझ्या मुखावर काही आहे काय?" मी म्हटलं, "काही नाही फादर, दाढी आहे."

ह्या सगळ्या गोंधळात एकच म्हातारी कधी हसली नाही, कधी भांडली नाही. म्हाताऱ्या बाईला तिकडे डोशी म्हणतात. ही डोशी आमच्या शेजारच्या झोपडीत एकटी राहायची. अंगानं वाळलेली, दातांचा पत्ता नाही, पण प्रश्नोत्तरी सगळ्यांच्या आधी तिची तोंडपाठ. रोज येऊन खांबाला टेकून बसायची. एकदा मी बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "ह्या पंगतीतून कुणी उपाशी उठत नाही." सगळे गेल्यावर डोशी मागे राहिली आणि तिनं विचारलं, "मेलेलं माणूससुद्धा?" चुलीवर माझं दूध उतू चाललं होतं. मी म्हटलं, "हो, हो, मेलेलंसुद्धा," आणि आत धावले.

द्राक्षारसाचं तर विचारूच नका. मिस्सेत प्याल्यातला फादर एकटेच पितात, हे ऐकून पुरुषमंडळी खवळली. पाड्यावर मोहाची कुणी एकट्यानं पीत नसे. गोल करून बसायचं, पानाच्या द्रोणात घ्यायची, आणि पिण्याआधी थोडी जमिनीवर सांडायची, आपल्या मेलेल्या माणसांसाठी. जेवणाचंही तेच. पहिला घास मातीवर, मग आपल्या तोंडात. कारभाऱ्याला फादरची फार काळजी वाटायला लागली. "एकटा पितो तो पितो, आणि थेंबभर सांडत पण नाही? त्याच्या मेलेल्या बापाला काय वाटत असेल, मास्तर?"

"असा नियम आहे," हे म्हणाले.

"रोमचा?"

"रोमचा."

"तिथले मेलेले तहानेनं तळमळत असतील," कारभारी म्हणाला, आणि खरोखर त्याचा चेहरा उतरला.

तर असं करत करत सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या खेपेला त्यांना पहिल्यांदा ख्रिस्तशरीर द्यायचं असं फादरनी ठरवलं. जाताना ते मला एक डबा देऊन गेले. त्यात नुसत्या पिठाच्या चकत्या होत्या, मिस्सा न झालेल्या, सरावापुरत्या. कारण घ्यायची रीत शिकवावी लागते. गुडघे टेकायचे, हात जोडायचे, डोळे मिटायचे, जीभ बाहेर काढायची, चकती जिभेवर आली की तोंड मिटायचं. हात लावायचा नाही, चावायचं नाही, आपोआप विरघळू द्यायची.

सराव घेतला शाळेतच, म्हणजे आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. तिथलंच टेबल फादर आले की वेदी व्हायचं आणि एरवी त्यावर मुलांच्या पाट्या असायच्या. फादरच्या जागी हे उभे राहिले. पहिल्यांदा कारभारी आला आणि त्यानं ह्यांच्यासमोर जीभ काढली. तंबाखूनं काळी झालेली ती जीभ बघून हे दोन पावलं मागे सरले. दुसऱ्याच्या चकतीनं टाळू धरली, त्यानं बोट घातलं, मी त्याच्या हातावर फटका मारला. एक बाई डोळे इतके घट्ट मिटायची की तोंडही मिटायचं, आणि तोंड उघडलं की डोळे उघडायचे. दोन्ही वेगवेगळं तिला जमेचना. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

मग डोशी आली. टेकली, हात जोडले, डोळे मिटले, जीभ काढली, चकती घेतली, तोंड मिटलं. इतकं सुरेख की मी बाकीच्यांना म्हटलं, "बघा, शिका जरा!" माझं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच डोशीनं दोन बोटांनी चकती तोंडातून बाहेर काढली, तिचा एक कण मोडला, समोर शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवला आणि हात जोडले. मी काही बोलणार, तर टेबलाखालून माझी तांबडी कोंबडी आली, तिनं कण टिपला, आणि अजून आहे का म्हणून मान वाकडी करून उभी राहिली.

सगळा पाडा लोळायला लागला. "बाई, कोंबडीनं आमच्या आधी घेतलं!" मला हसू आलं नाही. ही नुसती पिठाची होती म्हणून ठीक. खरी असती तर? मिस्सेत एक कण खाली पडू नये म्हणून हनुवटीखाली ताटली धरतात, आणि ही बया आपल्या हातानं कोंबडीपुढे टाकतेय! मी तिला असं काही झापलं, की हे मध्ये पडले.

मी थांबल्यावर डोशी म्हणाली, "कोंबडीला नाही टाकला."

"मग कुणाला टाकला?"

"माझ्या मुलाला."

मग तिनं सांगितलं. एकुलता एक मुलगा, लग्नाला आलेला. त्याला ताप भरला. बाजारातला वैद्य म्हणाला, ताप उतरेपर्यंत अन्नाचा कण देऊ नकोस, दिलास तर मरेल. हिनं नाही दिला. तो भाकर मागायचा. तिनं भाकर शिंक्यावर टांगून ठेवली होती, ताप उतरला की द्यायची म्हणून. तो पडल्या पडल्या शिंक्याकडे बघायचा. तसाच बघत गेला. "तेव्हापासून मी खायला बसले की तो समोर येऊन उभा राहतो," डोशी म्हणाली. "काही बोलत नाही. भाकरीकडे बघतो. मी त्याला आधी देते, तरी तो जात नाही. माझ्या घशाखाली अर्धी भाकर उतरते कशीबशी." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तू म्हणालीस, ह्या पंगतीतून मेलेलं माणूससुद्धा उपाशी उठत नाही. मी त्याच्यासाठीच आले. त्याला आधी दिल्याशिवाय मी घेणार नाही."

मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

शनिवारी दुपारी फादर आले आणि त्यांनी एकेकाची परीक्षा घेतली. कारभाऱ्याला विचारलं, "हे बंधो, वेदीवरील भाकरीत कोण आहे?" कारभारी म्हणाला, "तोच, ज्याला कधी नागली मिळाली नाही." फादर माझ्याकडे वळले. "भगिनी, ह्याचा अर्थ काय?" मी म्हटलं, "उत्तर बरोबर आहे फादर, पुढं चला."

डोशीची पाळी आली. तिनं सगळी उत्तरं धडाधड दिली. "उत्तम! उत्तम!" म्हणून फादर दाढीतून हसायला लागले. तेव्हा डोशीनं तिची अट सांगितली. मला पहिला कण मुलासाठी ठेवू द्या. जमिनीवर नको तर हातावर ठेवते, पदरावर ठेवते. पण आधी त्याला.

फादरचं हसू गेलं. एक कणही बाजूला ठेवता येत नाही, असं त्यांनी समजावलं. मग मऊ आवाजात विचारलं, "माते, तुझ्या पुत्राचा बाप्तिस्मा झाला होता काय?"

"नाही."

"तो प्रभूला न ओळखता गेला," फादर म्हणाले.

"तेव्हा तुम्ही आला नव्हता," डोशी म्हणाली. "तुम्ही उशिरा आलात. त्याला तो काय करील?"

फादरनी मान हलवून नाही म्हटलं. डोशी उठली. "मग मला नको. उपाशी पोराच्या देखत पुन्हा एकदा खायचं, ते माझ्यानं होणार नाही." आणि ती तिच्या झोपडीत निघून गेली.

संध्याकाळी मी फादरना जेवायला वाढलं. वाढलं म्हणजे काय, भाकर ताटात आपटली. फादर म्हणाले, "भगिनी, आपण क्रोधित आहात."

"मी कशाला क्रोधित होऊ? भाजी घ्या."

"परंतु नियम..."

"रोमचा. ठाऊक आहे. चटणी घ्या."

"भगिनी, मी एक साधा धर्मगुरू आहे..."

"मी कुठं म्हणते पोप आहात म्हणून? पाणी घ्या."

हे कोपऱ्यात बसून चष्मा पुसत होते. मला त्यांचाही राग आला. जगबुडी झाली तरी ह्या माणसाचा चष्मा स्वच्छ असणार! तेवढ्यात हे काचांवर फुंकर मारत म्हणाले, "फादर, मिस्सेत एका जागी मेलेल्यांची आठवण करतात. ती आपण ख्रिस्तशरीर घेण्याच्या आधी येते ना?"

"आधी येते."

"त्यात तुम्ही नावं घेता."

"घेतो."

"मग मेलेल्यांना जिवंतांच्या आधीच बोलावतात म्हणायचं," हे म्हणाले, आणि त्यांनी चष्मा घातला.

मी तव्यावर हात भाजून घेतला. वर्षभर घसा फोडला मी, आणि हे दोन काचा पुसून मोकळे! फादरचा घास हातातच राहिला होता. "परंतु तो बाप्तिस्म्यावाचून..." त्यांनी सुरुवात केली. मग दारातून शेजारच्या झोपडीकडे बघितलं. तिथं चूल पेटलेली नव्हती. ते म्हणाले, "घेतो मी नाव. कोण आपला, ते देवाला कळतं." इतकी साधी मराठी त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

मी तशीच भाजलेला हात झाडत डोशीकडे धावले. सांगितलं सगळं.

"आधी बोलावतात?" डोशीनं विचारलं.

"आधी."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"मला ऐकू येईल?"

आता हे मला माहीत नव्हतं. परत धावले. फादर म्हणाले, ती प्रार्थना मनातल्या मनात करायची असते. परत डोशीकडे. डोशी म्हणाली, "मनातल्या मनात बोलावल्यावर कुणी जेवायला येतं का? हाक मारावी लागते." परत फादरकडे. फादर म्हणाले, "बरं. किंचित मोठ्या स्वरात." मी म्हटलं, "किंचित म्हणजे किती?" "भगिनी!" फादर म्हणाले. तेव्हा मी गप्प बसले. धावून धावून माझ्या पोटात कळ आली होती.

रविवारी सकाळी मी पहिलं काम काय केलं असेल, तर कोंबडी डालग्याखाली कोंडली आणि वर पाटा ठेवला. सगळे अंघोळी करून, पोटात पाण्याचा थेंब न घेता आले. तेव्हा तसाच कडक उपास असायचा, मध्यरात्रीपासून. कारभाऱ्यानं तर तंबाखूदेखील सोडली होती आणि त्यामुळे तो सगळ्यांवर गुरगुरत होता. डोशी आली, पण दाराजवळच बसली, उठून जायला सोपं पडावं अशी.

मिस्सा लॅटिनमध्ये, फादरची पाठ आमच्याकडे. ह्यांनी घंटी वाजवली, फादरनी भाकर उंच धरली, प्याला उंच धरला. मग ती शांत प्रार्थना सुरू झाली. फादर हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. आवाज नाही. मी डोशीकडे बघितलं. तिची नजर फादरच्या पाठीवर. फादर गप्पच. मला वाटलं, विसरले. मग वाटलं, भ्याले. मी खोकले. ह्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. मी पुन्हा खोकणार, एवढ्यात फादरनी मान वर केली आणि त्या मुलाचं नाव घेतलं. किंचित मोठ्या स्वरात कसलं, डोंबल! लांबच्या शेतातल्या माणसाला मारावी तशी हाक मारली. परदेशी जिभेवर ते नाव जरा वाकडंतिकडं झालं, पण घुमलं.

डोशी ताडकन उभी राहिली. "ये रे!" ती ओरडली. "ये, ये, तुला वाढलंय!"

मग कारभारी उठला. त्याला वाटलं असणार, हिचाच का म्हणून? त्यानं बापाला हाक मारली, आज्याला मारली, पणज्याला मारली. मग एक बाई आईला बोलवायला लागली. एकानं पहिल्या बायकोला हाक मारली, तर शेजारी बसलेल्या दुसरीनं त्याला चिमटा काढला आणि लगेच आपल्या पहिल्या नवऱ्याला त्याहून मोठ्यानं बोलावलं. मागून कुणीतरी मेलेल्या बैलाला हाक मारली. "बैल नाही चालत," शेजारचा म्हणाला. "का नाही? माझं शेत त्यानंच केलं, तू नाही केलंस!" तिथंच दोघांची जुंपली. ह्यांनी घाबरून घंटी वाजवली. घंटीनं कुणी गप्प बसेना, तेव्हा पेटीवर बसले आणि एक गीत सुरू केलं, ते अर्थातच मध्ये थांबलं. मी म्हटलं, आता फादर वळणार आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढणार. पण खोटं कशाला बोलू, मीसुद्धा माझ्या आईला हाक मारून घेतली.

फादर वळले नाहीत. त्यांचे कान लालबुंद झाले होते. शेवटचं नाव घेऊन होईपर्यंत ते तसेच हात जोडून उभे राहिले, आणि सगळं शांत झाल्यावर पुढची प्रार्थना म्हणायला लागले.

ख्रिस्तशरीर घ्यायला सगळे ओळीनं आले. काळ्या जिभा, लाल जिभा, डोळे मिटले की तोंड मिटणारी ती बाई. सगळ्यांचं नीट झालं. सगळ्यांच्या शेवटी डोशी आली. ह्यांनी तिच्या हनुवटीखाली ताटली धरली. मी तिच्या हातांवर नजर लावून बसले. तिनं घेतलं, तोंड मिटलं. हात छातीशी जोडलेले तसेच राहिले. ती उठून जागेवर गेली आणि खाली मान घालून बसली.

मिस्सा सुटल्यावर अंगणात जेवण होतं. नागलीच्या भाकरी आणि उडदाची डाळ, बायकांनी आदल्या दिवशीपासून खपून केलेली. फादर पण पंगतीला खाली बसले. त्यांचे लांब पाय काही केल्या दुमडेनात, शेवटी कारभाऱ्यानं ते धरून दुमडून दिले. मी वाढत होते. डोशीच्या पानात नेहमीसारखी अर्धी भाकर वाढली आणि तिथंच घुटमळत राहिले. डोशीनं घास मोडला. डाळीत बुडवला. मग तो हातात धरून तिनं समोर बघितलं, पानापुढच्या मोकळ्या जागेकडे. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. माझ्या हातातली भाकरीची पाटी जड झाली होती, पण मला हलता येईना.

डोशीनं घास तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. बघता बघता अर्धी भाकर संपली. ती बोटं चाटत वर माझ्याकडे बघून म्हणाली, "उभी काय राहिलीस? वाढ ना."

मी तिच्या पानापुढच्या त्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"वाढ," ती पुन्हा म्हणाली. "त्याचं जेवण झालं."

मी तिच्या पानात अख्खी भाकर वाढली आणि तिनं ती सगळी खाल्ली.